इतिवृत्त, पान चार

मे महिन्याची अठरा तारीख, दुपारचे साडेबारा,
दिघोरीतलं समाजभवन.
उड्डाणपुलाची जनसुनावणी.
माझं काम कोण काय बोललं ते लिहायचं,
म्हणजे बोललं ते नव्हे,
बोललं असं पुढे वाचता येईल ते.

सेवंताबाई नंदनवार उठल्या, माइक उलटा धरून.
'बस कुठी थांबन, साहेब?
वर जाची म्हणान त माह्ये गुडघे पाहा,
अन् खाली त तुम्ही गाड्या लावून राह्यले.'
मी लिहिलं,
एका महिलेने थांब्याच्या स्थानाबाबत विचारणा केली.
गुडघे गळाले.
आमच्या नमुन्यात गुडघ्यांना रकाना नाही.

मग धम्मपाल गजभिये, निवृत्त पोस्टमन.
खिशातून काढलेली वही घामानं वाकलेली.
अहवालात झाडं चारशे बारा,
वहीत चारशे पंचाहत्तर.
सल्लागार कंपनीचा पोरगा म्हणाला,
काका, आमची मोजणी उपग्रहावरून आहे.
'वरून पाह्यलं त दोन निंब एकच दिसते, बाप्पा.
मी दारोदार गेलो.'
आणि वाचू लागले, टपाल वाटावं तसे,
बारापात्रेंच्या फाटकाला टेकून, कडुनिंब, एक.
आटाचक्कीमागं करंज, दोन,
एकाच्या खोडात सायकलची साखळी रुतलेली.
शाळेच्या संडासाजवळ उंबर.
पत्ता अपुरा, पण आहे.
अध्यक्ष घड्याळ बघत राहिले,
मी लिहीत राहिलो, 'इत्यादी' न वापरता.
तोवरची माझी बंडखोरी एवढीच.

कॉलेजातली एक मुलगी, नाव सांगायचं विसरली,
म्हणाली, वाहनं मोजली ती तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.
त्या दिवशी या रस्त्यावर
गाड्यांपेक्षा लाकडी बैल जास्त असतात.
ते कशात धरले? दुचाकीत की चारचाकीत?
सभागृह हसलं.
हसणं इतिवृत्तात येत नाही.

मग वीज गेली.
दोन्ही कूलर आधी कण्हले, मग थांबले,
वाळ्याचा ओला वास तेवढा मागे राहिला.
प्रत्येक खुर्चीवर एक पुस्तिका ठेवली होती,
बत्तीस पानं, चकचकीत, मुखपृष्ठावर हिरवागार पूल.
आत सगळं इंग्रजी,
मराठी प्रत छपाईला गेली आहे म्हणे.
कोणी उघडली नव्हती.
आता मात्र सगळ्यांनी उचलली
आणि वारा घ्यायला लागले.

नेमकं तेव्हाच, बंद माइकमागून,
पहिल्या रांगेलाच पोचेल अशा आवाजात अध्यक्ष म्हणाले,
ज्यांची हरकत नाही, त्यांनी हात वर करावेत.
माझ्याकडे वळून, मोजा.
मी मोजले.
एकशे सदतीस हात, सगळे हलणारे.
त्यात सेवंताबाईंचा एक.
गजभियेंच्या हातात पुस्तिका नव्हती,
ते झाडांच्या वहीनंच वारा घेत होते.

संध्याकाळी कार्यालयात टंकायला बसलो.
पान चार. एकशे सदतीस नागरिकांनी
हात उंचावून सहमती दर्शविली.
मे महिन्यात नागपुरात चहा निवत नाही,
त्या दिवशी निवला.
मग त्याच ओळीखाली, त्याच अक्षरात,
साहेबांना आवडणाऱ्या त्याच कर्मणी प्रयोगात लिहिलं,
सदर वेळी सभागृहात वीज उपलब्ध नव्हती.
उपस्थितांकडून वारा घेण्यात येत होता.
वही जोडली, परिशिष्ट ग.

साहेबांनी न वाचता सही केली.
आधीही करायचे, पण तेव्हा
माझ्या पोटात असं काही हलायचं नाही.

फाइल मुंबईत आहे की दिल्लीत, मला माहीत नाही.
झाडांवर चुन्याचे आकडे पडलेत, चारशे बारापर्यंत.
त्रेसष्ट झाडं अजून बिनआकड्याची उभी आहेत,
सुटली की आधीच गेल्यात जमा, सांगता येत नाही.

दर सोमवारी गजभिये खिडकीशी येतात.
'आलं काय, बाबू, काही?'
चौतीस वर्षं गल्लीगल्लीत
लोक त्यांना हेच विचारायचे.